अरादचा डबा आणि दळवींची तक्रार

परत आलेला डबा मी कधी न बघता घासायला टाकला नाही. आधी झाकण काढायचं, आत काय उरलंय ते बघायचं, मग नळाखाली. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची खबर तिथंच लागते. भाकरी तशीच परत आणि भात संपलेला म्हणजे दाढ दुखतेय. भाजी उरली, ताक संपलं, म्हणजे उन्हात काम लागलंय आणि पोट धरलंय. आणि गोडाची वाटी हात न लावता परत आली, की मी ह्यांना सांगायची, "उद्या डबा देताना जरा विचारा हो, गावाकडनं काही वाईट कळलंय का."

ह्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे बहारीनला सित्र्याच्या एका कंपनीत क्रेन चालवायचे. गुडघे बोलायला लागल्यावर नोकरी सोडली, आणि तोवर मी नुसती हौस म्हणून चार जणांचे डबे करत होते त्याचा पुढं धंदा झाला. अरादला, किल्ल्यापासून जरा आतल्या गल्लीत, आमचं स्वयंपाकघर. पाटीवर कॅफेटेरिया लिहिलेलं, कारण परवाना तसा मिळतो. आत बसायला दोन टेबलं, त्यांवर कायम माझे डबे वाळत घातलेले. चुकून कुणी चहा प्यायला आलाच तर हे त्याला उभ्यानं चहा द्यायचे आणि मनापासून माफी मागायचे.

जागा अबू यूसुफची. म्हातारा बहारीनी, आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचा. त्याचे वडील गलबतातून खजूर घेऊन मुंबईला यायचे, त्यामुळं ह्याला जुन्या चालीची हिंदी फाडफाड येते. माझ्या मुलाचं नाव प्रसाद, म्हणून मी 'उम्म प्रसाद', प्रसादची आई. तिकडं बाईला असंच हाक मारतात. गडहिंग्लजला मी कुणाची तरी सून होते, अरादला प्रसादची आई झाले, आणि डबेवाल्यांची वहिनी. माझं स्वतःचं नाव फक्त रेसिडेन्सी कार्डावर उरलं होतं.

डब्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. दोन पोळ्या नाहीतर भाकरी, भाजी, आमटी, भात. घरी करतोच की आपण! पण घरी चार माणसांची चव एक असते. इथं सित्र्याला वेल्डर नाशिकचा, फिटर देवरुखचा, सुतार कुडाळचा आणि जुफैरला उंच इमारतीत बसलेली बँकवाली मंडळी पुण्याची. एकाला गूळ हवा, दुसऱ्याला गुळाच्या नावानं ताप. मी कोल्हापूरकडची, माझा हात तिखटाचा. पहिल्या वर्षी जुफैरच्या एका बाईंनी "मुलांना जरा कमी तिखट द्याल का?" म्हणून विचारलं. मी तिखट निम्मं केलं. त्या म्हणाल्या, "हे निम्मं केलेलं आहे?" आणि फोनवरच हसत सुटल्या. त्या दिवशी मला कळलं की आपलं निम्मं म्हणजे दुसऱ्याचं दुप्पट.

आता दळवी.

दळवी देवरुखचे. सित्र्याला रिफायनरीच्या बाजूच्या एका वर्कशॉपमध्ये मीटर, गेज असलं बारीक काम करायचे. माणूस शिडशिडीत, केस नीट विंचरलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. कंपनीनं दिलेल्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि एका खोलीत त्यांच्याबरोबर कुडाळचे मेस्त्री काका, सुतारकाम करणारे, वयानं साठीला आलेले, साखरेचा आजार असलेले. दोघांचे डबे माझ्याकडून.

दळवी रोज जेवण झालं की मला व्हॉइस मेसेज पाठवायचे. रोज म्हणजे रोज. सुरुवात ठरलेली. "नमस्कार वहिनी. आजच्या डब्याविषयी थोडं बोलायचं होतं." मग पुढं सगळी चिरफाड. आमटीत मीठ जास्त. भेंडी जून. खोबरं कुठं गेलं? फोडणीत मोहरी तडतडली नाही, नुसती तरंगतेय. गणपतीला मी आमच्याकडचे तळणीचे मोदक केले, तर म्हणे, "वहिनी, ही करंजीची चुलत बहीण आहे, हिला मोदक म्हणू नका."

मी फटकळ बाई. मी पण उलटा मेसेज टाकायची. "भाऊजी, एवढं बारीक बघताय तर तुमच्या त्या मीटरमध्ये माझी आमटी घालून बघा एकदा." तरी डबा मात्र चाटूनपुसून परत यायचा. तक्रार एवढी आणि शीत उरत नाही! हे म्हणायचे, "अगं, त्याचं प्रेम आहे ते." मी म्हणायची, "डोंबलाचं प्रेम. ह्या माणसाच्या बायकोनं देवरुखला सुटकेचा श्वास सोडला असेल." पण खरं सांगायचं तर दुपारी भांडी आवरताना माझा कान फोनकडंच असायचा. एखाद दिवशी मेसेजला उशीर झाला तर चुकचुकल्यासारखं व्हायचं.

मग तो आजार आला.

आपण बेटावर राहतोय हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलंच नव्हतं. सौदीला जायचा समुद्रावरचा पूल होता, गुरुवार-शुक्रवारी त्यावर गाड्यांची रांग लागायची. अरादच्या वरून विमानं इतक्या खालून जायची की कढईवरचं झाकण थरथरायचं. एके दिवशी पूल बंद झाला. मग विमानं थांबली. झाकण थरथरायचं थांबलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "अहो, आता चारी बाजूंनी पाणीच की हो." हे म्हणाले, "आधी काय होतं?" माणूस असा बोलतो.

पण एक सांगते. छोट्या जागेचा एक फायदा असतो, काही लपून राहत नाही. या टोकाकडून त्या टोकाला गाडीनं जाऊन जेवायच्या वेळी परत येता येतं एवढा तो देश. कुणाला झालं, तो कुणाला भेटला, ते हुडकून काढायचे. फोनवर ॲप आलं, घरात बसवलेल्यांच्या मनगटाला पट्टा आला, उंबरा ओलांडला की तिकडं कळायचं. प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये टेस्ट चालायच्या, आणि आमच्यासारख्या परक्यांनाही टेस्ट आणि औषधपाणी फुकट. कामगारांच्या खोल्यांतले पलंग कमी केले, बसमध्ये एक सोडून एक सीट. आमच्या लोकांनी नावंही ठेवली, भीतीही घातली, "नेलं की परत कधी सोडतील सांगता येत नाही" अशा अफवाही उठवल्या. पण मी गाडीच्या काचेतून जे पाहिलं ते असं की लोक मुकाट्यानं रांगेत उभे होते, आणि रांगेत अरब, मल्याळी, फिलिपिनो, आपली पोरं सगळी एकाच अंतरावर.

रमजानात दरवर्षी अबू यूसुफ आम्हाला घरात बोलावून हरीस वाढायचा. गहू आणि मटण घोटून केलेला तो प्रकार मला मनापासून आवडतो. त्या वर्षी त्यानं भांडं आमच्या दारात ठेवलं, बेल दाबली आणि सत्तरीचा म्हातारा चक्क पळत जाऊन गाडीपाशी उभा राहिला. तिथून ओरडला, "उम्म प्रसाद! खाओ! मैं देखता नहीं!" आणि बघत राहिला. मी दारात उभी राहून खाल्लं. 

धंद्याची मात्र गंमत झाली. स्टीलचे डबे बंद करावे लागले, एका घरचं भांडं दुसऱ्या घरी नको म्हणून. ॲल्युमिनियमचे फेकायचे डबे आले. जेवण जायचं, परत काहीच यायचं नाही. कोण जेवलं, कोण नाही, मला कळायचं बंद झालं. आधी झाकण काढलं की सगळं दिसायचं. आता उरले फक्त फोन. हाताखालची बाई विमानं थांबायच्या आधीच गावाला गेली होती, त्यामुळं हे स्वयंपाकघरात आले. क्रेन चालवणारा माणूस कांदा चिरताना बघायचा म्हणजे जिवाला घोर.

त्या दिवसांतली जुफैरची एक तक्रार सांगितल्याशिवाय राहवत नाही. बँकेतल्या एका साहेबांचा फोन आला, भाकरीला दवाखान्याचा वास येतोय. मी म्हटलं, शक्यच नाही. बरंच खोदून विचारल्यावर कळलं, डबा आला की ते बाहेरून सॅनिटायझर मारायचे, आणि मग खात्री वाटावी म्हणून झाकण काढून भाकरीवर पण एक फवारा! मागून त्यांची पोरगी इंग्रजीत ओरडत होती की बाबा, आय टोल्ड यू. मी म्हटलं, "साहेब, भाकरी तव्यावर भाजून येते, तिथं आजार काय, तुम्ही-मी पण टिकणार नाही. फवारा थांबवा." त्यांनी थांबवला. म्हणजे मला तसं सांगितलं.

दळवींचे मेसेज त्या काळातही चालूच होते. उलट वाढले होते. ओला नारळ मिळेना, मल्याळी दुकानदार रोज "इंशाल्ला उद्या" म्हणायचा, मी सुकं खोबरं वापरायची. "वहिनी, हे खोबरं आहे की आमच्या मेस्त्री काकांच्या रंध्याखालचा भुसा?" पण मध्येच आवाज बदलायचा. देवरुखला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षं भेट नाही. खास विमानं सुटायला लागली होती, यादीत नाव लागायला महिनोन्महिने लागत. आई फोनवर एकच विचारायची, "कधी येतोस?" शेवटी त्यांना सीट मिळाली. गौरी-गणपती झाले की लगेचचं विमान. त्या दिवशी त्यांचा मेसेज आला त्यात तक्रारच नव्हती, नुसतं, "वहिनी, मिळाली!" मी ह्यांना साखर वाटायला लावली.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. नैवेद्याचं अन्न देवाच्या आधी चाखायचं नाही. माझ्या सासूबाईंच्या हाताखाली मी शिकले ते असंच, उकळीच्या वासावरून आणि रंगावरून मीठ ओळखायचं. एरवी मी सर्रास चाखते, पण सणाच्या दिवशी जीभ बंद. इतक्या वर्षांत चूक झाली नव्हती.

गौरीजेवणाच्या दिवशी पुरणपोळी आणि कटाची आमटी. मोठ्या पातेल्यात कट उकळत ठेवला, मसाला घातला, मीठ घातलं आणि मी आत गौरीपुढं ताट मांडायला गेले. हे पातेल्यापाशी. ह्यांना वाटलं, ही सणाच्या गडबडीत विसरली असणार, आपण सांभाळून घ्यावं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी एकदाच न सांगता काही सांभाळून घेतलं, आणि ते हे. मूठभरून मीठ. ढवळलं. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मला वाईट वाटेल! वास बघितला मी, रंग बघितला. मसाला जोरदार होता, काही कळलं नाही. चाखायचा प्रश्नच नव्हता. नैवेद्य झाला, डबे भरले, हे गाडी घेऊन गेले.

हे परतल्यावर आम्ही जेवायला बसलो आणि मी पहिला घोट घेतला तो तसाच थुंकायला उठले.

"अहो! तुम्ही मीठ घातलंत?"

"तू घातलं नव्हतंस?"

कर्म माझं! तोवर फोन सुरू झालेच होते. नाशिकचा वेल्डर म्हणाला, "वहिनी, समुद्र इथं चारी बाजूंनी आहेच, डब्यात कशाला पाठवलात?" जुफैरच्या साहेबांनी विचारलं, ही पद्धत कुठल्या भागातली. मेस्त्री काकांचा फोन आला, "वहिनी, आमटी काय खाववत नाय हो, पण पोळी झकास." मी सगळ्यांची माफी मागत होते. सणाचं अन्न वाया गेलं म्हणून रडू येत होतं आणि ह्यांच्यावर राग काढत होते. सगळ्यात धास्ती होती ती दळवींच्या मेसेजची. आज हा माणूस मला सोलणार.

मेसेज आला. लिहिलेला. दोन ओळी.

"वहिनी, जेवण मिळालं. आमटी छान झाली होती."

मी वाचला, आणि हसले. म्हटलं, टोमणा आहे. मग परत वाचला. दळवी टोमणा मारताना कधी लिहायचे नाहीत, बोलायचे. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "असू दे की. सणाचा दिवस आहे, उद्या जायचंय, म्हणून गोड बोलला असेल."

"दळवी? लग्नाच्या पंगतीत वराच्या बापाला मीठ मागणारा माणूस हा."

तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं की त्या आजारात चव आणि वास जातो. मी फोन लावला.

"भाऊजी, आमटी कशी होती?"

"छान होती की वहिनी."

"मीठ?"

"बरोबर."

"खरं सांगा. पातेल्यात दोनदा मीठ पडलंय. मेस्त्री काकांनी तोंडाला लावली नाही."

पलीकडं खोकला दाबल्याचा आवाज. मग हळूच, "वहिनी, उद्याचं विमान आहे हो."

"कधीपासून आहे हे?"

"परवापासून. ताप नाही. कणकण होती, गोळी घेतली, गेली. काही लागत नाही जिभेला, एवढंच. मी तोंडाला मास्क बांधून बसेन. तुम्ही कुणाला बोलू नका. एकदा गावी पोचलो की तिथं दाखवतो."

मी कधी त्यांना अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवशी माझं भानच सुटलं. "अरे, तुझ्या हाताच्या अंतरावर तो म्हातारा झोपतो, त्याला साखर आहे. विमानात लेकरं असतील. आणि जिला भेटायला निघालायस तिलाच जाऊन देशील की रे!"

"आणि नाही गेलो आणि ती गेली तर?" ते म्हणाले. "वहिनी, तुमची आई असती तर?"

मी एवढंच म्हटलं, "तू सरकारी आरोग्यवाल्यांना फोन करतोस की मी करू?" त्यांनी फोन ठेवला.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "तुला काय वाटतं ते कर. मी आज बरंच सांभाळून घेतलंय." मी चप्पल घालून जिन्याखाली उभी राहिले आणि अबू यूसुफला हाक मारली. वरच्या गॅलरीत तो आला. मी खालून सगळं सांगितलं. तो कठड्यावर वाकला. मग म्हणाला, "उम्म प्रसाद, उसकी माँ है?" मी म्हटलं, आहे. "अल्ला उसको सबर दे," म्हणाला आणि फोन उचलला. आमच्या मोडक्या इंग्रजीपेक्षा त्याच्या अरबीनं काम लवकर झालं. त्याच दिवशी संध्याकाळी सित्र्याला गाडी गेली.

टेस्टमध्ये दळवींना निघाला. मेस्त्री काकांनाही निघाला. दोघांनाही विलगीकरण केंद्रात नेलं. काकांचा श्वास तिथं पोचल्यावर बिघडला, ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की खोलीवर असता तर कठीण होतं. दळवी स्वतःही मधले काही दिवस तापानं फणफणले होते. विमान त्यांच्याशिवाय गेलं.

मी पेज आणि लिंबाचं लोणचं घेऊन केंद्राच्या दारापर्यंत गेले. दारावरचा पोरगा अदबीनं म्हणाला, "मफी बाहर का खाना, मामा. अंदर सब मिलता है." मफी म्हणजे नाही, आणि मामा म्हणजे आई. आत खरंच सगळं मिळत होतं. माझंच काही नको होतं.

ते आत असतानाच देवरुखला त्यांची आई गेली.

मेस्त्री काकांनी मला कळवलं. पलंगावर बसून दळवींनी फोनवर सगळं बघितलं, म्हणाले. भावानं फोन धरला होता. मध्येच रेंज जायची.

लोक मला म्हणतात, तू बरोबर केलंस, म्हाताऱ्याचा जीव वाचवलास. हो, वाचला. कुडाळला नातवंडं खेळवतोय. पण म्हणून माझ्या मनातलं ते गेलं असं नाही. मी केलं ते परत करीन, आणि परत तितकीच रडेन. ह्यात शहाणपण सांगण्यासारखं काही नाही.

केंद्रातून सुटल्यावर दळवी डबा बंद करतील असं मला वाटलं होतं. बंद केला नाही. रोज जेवण झालं की मेसेज यायचा, लिहिलेला. "मिळाला. धन्यवाद." नमस्कार नाही, वहिनी नाही. मीठ नाही, खोबरं नाही, मोहरी नाही. धन्यवाद! मला आयुष्यात कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

स्टीलचे डबे परत सुरू झाले. त्यांचा डबा आधीसारखाच चाटूनपुसून यायचा. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. हो, डबे करणाऱ्या बाईनं करू नये ते केलं. नाशिकचा वेल्डर ओरडला, जुफैरवाले ओरडले. दळवींचा मेसेज, "मिळाला. छान होतं. धन्यवाद." मी घाबरले. म्हटलं, ह्यांची चव अजून आलीच नाही की काय? काहींची येत नाही म्हणतात. मेस्त्री काकांना फोन केला.

"काका, भाऊजींना चव कळते का हो?"

काका जरा घुटमळले. मग म्हणाले, "कळता मां! माका रोज सांगता, आज मीठ जास्त, आज खोबरां कमी. फक्त तुमका सांगणा नाय."

मी फोन ठेवला आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कुणाला द्यायला नको.

दिवस गेले. लस आली, पूल उघडला, विमानांनी कढईवरचं झाकण परत थरथरायला लागलं. लोक ते सगळं इतक्या लवकर विसरले की मला नवल वाटायचं. रस्त्यात आखलेली उभं राहायची वर्तुळं पुसट होत गेली आणि अरादच्या किल्ल्यापाशी संध्याकाळी पोरं परत सायकली फिरवायला लागली. मेस्त्री काका कायमचे कुडाळला गेले. जाताना माझ्यासाठी त्यांनी एक लाकडी पाट करून दिला. दळवी मात्र होते. रोज धन्यवाद.

मग ह्यांच्या गुडघ्यांनी अगदीच हात टेकले. प्रसाद पुण्याहून फोन करून भंडावून सोडायचा, "आई, बास आता." व्हिसा संपायच्या सुमाराला आम्ही ठरवलं, खलास, आता गाव. अबू यूसुफनं जागा दुसऱ्या कुणाला द्यायच्या आधी मला विचारलं, "पक्का?" मी म्हटलं, पक्का. त्यानं जिन्यात बसून डोळे पुसले आणि वर म्हणाला, धूळ फार आहे आज.

शेवटच्या दिवशीचा डबा मी ठरवून साधा केला. भाकरी, वांग्याची भाजी, तुरीची आमटी, भात. सण नव्हता, नैवेद्य नव्हता. आमटी मी चाखली. एकदा नाही, दोनदा. ह्यांना पातेल्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. ओला नारळ भरपूर घातला, कुणाच्या तरी नावानं. डबे गेले.

दुपारभर फोन. नाशिकचा वेल्डर धाय मोकलून रडला, एवढा दांडगा गडी. जुफैरच्या साहेबांच्या पोरीनं मराठीत म्हटलं, "काकू, थँक्यू, भाकरी मस्त होती." भाकरी हा शब्द तिच्या तोंडून ऐकून मला फार बरं वाटलं. आवराआवर चालू होती, मसाल्यांचे डबे खोक्यात बांधत होते. फोन खिडकीत ठेवला होता.

तो वाजला. दळवी. लिहिलेला नाही, व्हॉइस मेसेज.

मला तो लावायचं धाडस होईना. हे म्हणाले, "लाव की." मी लावला.

"नमस्कार वहिनी. आजच्या डब्याविषयी थोडं बोलायचं होतं." मध्येच घसा साफ केला. "आमटीत मीठ कमी होतं. चांगलंच कमी होतं. वांगी जून होती. आणि नारळ घातला होता असं म्हणतात, मला तर दिसला नाही. गावी जाताय तर जरा लक्ष द्या. तिकडं तुम्हाला सांगायला कोणी नसणार."

पातेल्याच्या तळाशी थोडी आमटी उरली होती. मी पळीनं घेतली आणि परत चाखली. मीठ अगदी बरोबर होतं.

ह्यांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "दळवी भाऊजींची तक्रार आलीय हो." आणि खोक्यावर बसून, पळी हातात तशीच धरून, मी जी रडले ती अबू यूसुफ वरून खाली येईपर्यंत थांबले नाही.